पाहुणचाराचा हिशेब

(कर्जत येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, आजचा विषय संयोजकांनी पत्रिकेवर ‘आंतरराष्ट्रीय युवा आदानप्रदान आणि त्याचे अर्थकारण’ असा छापलाय. एवढं भारदस्त नाव ऐकून पहिल्या दोन रांगा रिकाम्या राहिल्या तर नवल नाही. आम्ही तो साध्या शब्दांत मांडतो. एका देशातली पोरं दुसऱ्या देशात जातात, तिथली इथे येतात, एकमेकांच्या घरी राहतात, काही काम करतात, शिकतात. या सगळ्याचा खर्च कोण करतो? आणि जो करतो, त्याचा त्या मैत्रीवर काय परिणाम होतो? एवढाच विषय.

हा विषय आमच्या डोक्यात कसा आला ते आधी सांगायला हवं. बरीच वर्षं झाली. आपल्याच कर्जत तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीत, युरोपातून वीस-एक तरुण मुलंमुली दोन आठवड्यांसाठी आली होती. एका संस्थेने आणली होती. नाव सांगत नाही, आणि त्याची गरजही नाही. आम्ही दुभाष्या म्हणून गेलो होतो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरं काय काम असतं? मुलं फार गुणी होती. त्यांनी शाळेच्या भिंती रंगवल्या, त्यावर हत्ती आणि फुलपाखरं काढली, नाचणीची भाकरी खाऊन पाहिली. निरोपाच्या दिवशी पोरीही रडल्या, वाडीतल्या बायाही रडल्या. सगळं खरं होतं, नाटक काही नव्हतं.

गाडी गेल्यावर ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीने आम्हाला विचारलं, “मास्तर, आता आमची पोरा कवा जातील त्यांच्याकडं?”

आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढच्या पावसात भिंतीवरचा हत्ती धुऊन गेला. म्हातारीचा नातू, जो त्या दोन आठवड्यांत त्या मुलांच्या मागे सावलीसारखा होता आणि ज्याने त्यांच्या भाषेतले आकडे शंभरापर्यंत पाठ केले होते, तो पुढे एका मुंबईकराच्या फार्महाउसवर राखणीला लागला. म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. आजचं व्याख्यान म्हणजे ते उशिराने दिलेलं उत्तर समजा.

आपल्या घरांत एक रीत आहे. शेजारणीने वाटीतून काही पाठवलं, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. फ्रान्समध्ये मार्सेल मॉस नावाचा एक विद्वान होऊन गेला. त्याने १९२५ साली देणगी या विषयावर मोठा निबंध लिहिला आणि जगभरच्या समाजांतली उदाहरणं देऊन सांगितलं की देणं, घेणं आणि परत करणं ही तीन बंधनं मिळून देवाणघेवाण पुरी होते. परत करण्याची सोय नसलेली देणगी घेणाऱ्याला खाली बसवते. आपल्या आजीला मॉस ठाऊक नव्हता, पण वाटीचं तिला कळत होतं. त्या वाडीची वाटी आम्ही रिकामी परत केली, किंवा खरं तर वाडीला ती परत करू दिलीच नाही. ते म्हातारीने ओळखलं.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ, सोलापूरचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सिनेमामुळे नाव सगळ्यांना माहीत आहे. शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा. पण त्या मोहिमेचा पैसा कुठून आला, हे फारसं कुणी विचारत नाही. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी जून १९३८ मध्ये आवाहन केलं, आणि जुलैच्या ७ ते ९ तारखांना देशभर ‘चीन दिन’ पाळून निधी जमवला. जमले सुमारे २२ हजार रुपये. त्यातून पाच डॉक्टर, एक रुग्णवाहिका आणि औषधं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट निघाली.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की देणारा देश स्वतः गुलाम होता. आपल्याकडे सरकार आपलं नव्हतं, परराष्ट्र खातं आपलं नव्हतं, तिजोरी आपली नव्हती. तरी एका देशाच्या लोकांनी दुसऱ्या देशाच्या लोकांना माणसं पाठवली, आणि ती लोकांच्या वर्गणीतून. पाचांपैकी चार परत आले. कोटणीस तिथे राहिले, बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, भाषा शिकले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी वारले. पुढे १९६२ चं युद्ध झालं, सगळे संबंध बिघडले, तरी चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणिसांच्या कुटुंबीयांना भेटायचे. दोन्ही सरकारांनी मिळून इतर गोष्टींवर जो पैसा उधळला असेल, त्यातलं काय उरलं? ते २२ हजार मात्र अजून फिटलेले नाहीत.

पण आम्ही इथे सावध राहायला सांगू. कोटणिसांचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, बघा, पैसा महत्त्वाचा नाही, भावना महत्त्वाची. चूक आहे. पैसा होता. थोडा होता, पण होता, आणि तो कुणा एकाचा नव्हता. ज्यांनी दिला त्यांना चीनमध्ये कारखाना काढायचा नव्हता. आम्हाला वाटतं की पैशाचा आकडा जेवढा बोलतो, त्याहून जास्त पैशाचं मूळ बोलतं.

याचं दुसरं टोक म्हणजे गहू. आमच्या वयाच्या माणसांना लाल मिलो आठवत असेल. रेशनवर मिळायची ती अमेरिकन ज्वारी. तिची भाकरी थापली की तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. आमच्या आईने तिला जी नावं ठेवली ती इथे सांगण्यासारखी नाहीत. ही मिलो आणि तो गहू पीएल-४८० या नावाच्या अमेरिकन कायद्याखाली यायचे. कायदा १९५४ चा, आपला त्याखालचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. या कराराची गंमत अशी की धान्याची किंमत आपण डॉलरमध्ये नाही, रुपयांत द्यायची. ते रुपये अमेरिकेच्या नावावर, पण भारतातच जमा. साठत साठत त्या रुपयांचा डोंगर झाला. अमेरिकेला ते बाहेर नेता येईनात. मग त्यांचं करायचं काय? बरेचसे आपल्यालाच कर्ज-अनुदान म्हणून परत दिले, काही आपल्या वकिलातीवर खर्च केले, आणि काही शिक्षणाच्या देवाणघेवाणीवर.

फुलब्राइट शिष्यवृत्तीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिची जन्मकथाही अशीच. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराचं उरलंसुरलं सामान जगभर पडलं होतं. ते ज्या-त्या देशांना विकायचं आणि आलेल्या स्थानिक चलनातून विद्यार्थी-प्राध्यापकांची ये-जा करायची, अशी कल्पना सिनेटर फुलब्राइट यांनी काढली. १९४६ साली कायदा झाला. म्हणजे बघा, जीप आणि तंबू विकून तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पाठवले. भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० ला झाला, नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांच्या सह्यांनी. पुढे त्याला गव्हाच्या रुपयांचा आधार मिळाला.

या पैशाने वाईटच झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९६२ पासून याच रुपयांतून अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठी होती. कथा, कविता, नियतकालिकं, जत्रेत मिळणाऱ्या चोपड्यासुद्धा. शिकागोसारख्या ठिकाणी बसून मराठीवर संशोधन करणाऱ्याला जे ग्रंथालय मिळालं, त्यात मिलोच्या भाकरीचा वाटा आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१ साली स्थापन झाली, तिने पुण्यात मराठी शिकायला परदेशी विद्यार्थी आणले. आम्ही त्यातले काही पाहिले आहेत. त्यांचं व्याकरण आमच्यापेक्षा शुद्ध असायचं.

पण आपल्या मनात काय राहिलं? संशय राहिला. तुमच्या बांधावर वाढणारं गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते याच गव्हातून आलं असं अर्धा महाराष्ट्र आजही मानतो. पुण्यात ते १९५० च्या दशकात नोंदलं गेलं. ते नेमकं कोणत्या वाटेने आलं हा वनस्पतिशास्त्राचा प्रश्न, आम्ही त्यात पडत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्याच्या हातून भुकेच्या वेळी धान्य घेतलं, त्याच्या हातची शिष्यवृत्ती सरळ मनाने घेता येत नाही. एक तण उगवलं तरी बोट त्याच्याकडे जातं. फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला देऊन त्या डोंगराचा मोठा भाग सोडून दिला. तेव्हा तो जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून गाजला होता. आणि मग २००८ साली नवा करार झाला. फुलब्राइटच्या नावापुढे नेहरूंचं नाव आलं आणि दोन्ही सरकारं बरोबरीने पैसे घालू लागली. १९५० ते २००८! वाटीत साखर घालायला आपल्याला ५८ वर्षं लागली. कुणी म्हणेल आपली ऐपत नव्हती. आम्ही म्हणू, ऐपत पुष्कळ आधी आली होती, सवय सुटली नव्हती.

आता तिसरं उदाहरण, आणि आमच्या मते सगळ्यात शिकण्यासारखं. फ्रान्स आणि जर्मनी. १८७०, १९१४, १९३९. सत्तर वर्षांत तीन युद्धं. एकेका गावात तिन्ही युद्धांतल्या मेलेल्यांची नावं कोरलेला दगड. आणि दुसरं महायुद्ध संपून अठरा वर्षं होत नाहीत तोवर, २२ जानेवारी १९६३ ला द गॉल आणि आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये करार केला. त्याच वर्षी ५ जुलैला दोघांनी मिळून एक युवा कार्यालय काढलं. आजवर ९० लाखांहून जास्त तरुण त्याच्या मदतीने एकमेकांच्या देशात जाऊन आलेत.

इथे थोडं थांबू, कारण या कार्यालयाची रचनाच त्याचं मर्म आहे. पहिलं म्हणजे तिजोरी एक, आणि तिच्यात दोन्ही सरकारांचा वाटा सारखा. त्यामुळे कुणी यजमान नाही, कुणी आश्रित नाही. दुसरं, हे कार्यालय स्वतः पोरं घेऊन हिंडत नाही. शाळा, फुटबॉल क्लब, गायनमंडळ, दोन गावांच्या मैत्रीसमित्या असे लोक कार्यक्रम आखतात आणि अर्ज करतात. अर्जाला दोन्हीकडचा जोडीदार लागतो. एकट्याने येऊन ‘आम्ही त्यांच्यासाठी काही करणार’ म्हटलं तर चालत नाही. तिसरं, कार्यालय सगळा खर्च देत नाही. काही भाग देतं, बाकीचा गावाने, पालकांनी, क्लबने उभा करायचा. आणि चौथं, म्हटलं तर किरकोळ वाटेल, पण भाषेवर पैसे. दुभाषे तयार करणं, गटप्रमुखांना शिकवणं. भाषा येत नसली तर पोरं शेवटी आपापल्या घोळक्यात बसतात, हे त्यांनी अनुभवाने ओळखलं. आपण असं काही करायला निघालो की आधी बॅनर छापतो.

तुम्ही कर्जतकर आहात म्हणून एक सांगतो. मुंबईच्या माणसाला वाटतं गाडी कर्जतला वड्यासाठी थांबते. खरं तर ती थांबते मागून लोटणारं इंजिन जोडायला. रेल्वेवाले त्याला बँकर म्हणतात. ते इंजिन बोरघाट चढेपर्यंत मागून जोर लावतं आणि वर पोचल्यावर सुटून जातं. दिशा पुढचं इंजिन ठरवतं. अशा कामाला सरकारचा पैसा लागतोच, घाट मोठा आहे. फक्त त्याची जागा मागे हवी. पीएल-४८० चा पैसा पुढे जोडलेला होता.

कुणी विचारेल, आपल्याकडे आज काय आहे? आहे, बरंच आहे. सरकारी पातळीवर युवा शिष्टमंडळं जातात-येतात. चीनशी २००६ पासून शंभर-शंभर तरुणांची ये-जा सुरू झाली होती. त्यात साधारण जुना शिरस्ता असा की जाणाऱ्या देशाने तिकीट काढायचं आणि बोलावणाऱ्या देशाने राहण्याजेवण्याचं पाहायचं. हिशेब सोपा, आणि पैसा सीमा ओलांडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. शहरांचंही आहे. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून, मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे, तो जर्मनीतल्या ब्रेमेनच्या नावाने. आता भगिनी शहर म्हटलं की महापौरांची भेट, हार, शाल आणि फोटो हेच डोळ्यांसमोर येतं. पण जिथे नागरिकांचे गट त्यात उतरले, तिथे काम झालं.

आपल्या भागात सर्वांत ओळखीचं म्हणजे रोटरीचं. पुणे आणि रायगड मिळून त्यांचा ३१३१ हा प्रांत. शाळा-कॉलेजच्या वयाची मुलं वर्षभर परदेशात जातात, तिथे दोन-तीन कुटुंबांत राहतात. यजमान क्लब घर, शाळा आणि थोडा हातखर्च बघतो. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा पालकांचा. योजना स्वच्छ आहे, तिच्यावर आमचा आक्षेप नाही. पण आता त्या वाडीतल्या म्हातारीच्या नजरेने बघा. तिकिटाचा पैसा नाही. बरं, तो कुणी दिला, तरी बदल्यात आपल्या घरी पाहुणा ठेवायचा तर पाहुण्याला पलंग हवा, संडास हवा. कुडाच्या घरात तो कुठून आणायचा? म्हणजे मैत्री होते ती नेरळ-खोपोलीच्या बंगल्याची आणि तिकडच्या बंगल्याची. दोन्हीकडचे बंगले एकमेकांना ओळखतातच. त्यांना ओळख करून द्यायला अर्धं जग ओलांडायची काय गरज?

जर्मनीने २००८ साली ‘वेल्टवेर्ट्स’ नावाची योजना काढली. अठरा ते अठ्ठावीस वयाच्या जर्मन तरुणांना आपल्यासारख्या देशांत वर्षभर स्वयंसेवक म्हणून पाठवायचं. खर्चाचा तीन चतुर्थांशापर्यंतचा भाग त्यांचं सरकार देतं. महाराष्ट्रातही अशी मुलं संस्थांमध्ये दिसतात. काही वर्षं प्रवाह एकाच दिशेने होता. टीका झाली, तीही जर्मनीतूनच, की हे आमच्या पोरांचं शिक्षण तुमच्या खर्चाने नाही, पण तुमच्या अंगणात. मग २०१३ च्या सुमारास उलट दिशा उघडली, इकडचे तरुण तिकडच्या वृद्धाश्रमांत, बालवाड्यांत जाऊ लागले. संख्या थोडी. पण वाटीत साखर पडली. आम्हाला त्यात एक गोष्ट फार आवडली. गरीब देशातलं पोरगं श्रीमंत देशात शिकायला नाही, मदत करायला जातं. याने दोन्हीकडच्या डोक्यांतला नकाशा बदलतो.

आता कायद्याचं. संस्था चालवणारे काहीजण समोर बसलेत, त्यांना हे तोंडपाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए नावाचा कायदा आहे. पहिला १९७६ चा, आणीबाणीतला. दुसरा २०१० चा. २०२० मध्ये तो आणखी आवळला. परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच आला पाहिजे. एका संस्थेने घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. व्यवस्थापनावर पूर्वी निम्म्यापर्यंत खर्च चाले, आता वीस टक्के. सरकारी नोकराला परदेशी पाहुणचार घ्यायचा तर आधी परवानगी.

यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, परदेशी पैसा म्हणजे कारस्थान. दुसरं म्हणतं, हा कायदा म्हणजे गळा आवळणं. आम्ही काय म्हणतो? परदेशी पैशाने आपलं सार्वजनिक जीवन चालू नये, ही काळजी खोटी नाही. मिलो खाल्लेल्या माणसाला ती समजते. पण एका संस्थेने दुसरीला पैसा द्यायचा नाही, या नियमाने मार बसला तो छोट्यांना. मोठ्या संस्थेला हिशेबनीस आहे, दिल्लीतलं खातं आहे. वाडीतल्या मंडळाला मोठ्या संस्थेमार्फत पाच-दहा हजार मिळायचे, ते बंद. चोर पकडायचा म्हणून गावची पायवाट बंद केली, आणि हमरस्ता चालू ठेवला, असं काहीसं झालं.

कांटने १७९५ साली चिरशांतीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. आम्ही ते तीस वर्षं शिकवलं. त्यात तो म्हणतो की परक्या माणसाला दुसऱ्याच्या भूमीवर पाय ठेवल्याबद्दल शत्रूसारखी वागणूक मिळू नये, हा त्याचा हक्क आहे. दया नव्हे, हक्क. पण तो भेटीचा हक्क आहे, पाहुणा म्हणून कायम राहण्याचा नव्हे. का? तर पृथ्वी गोल आहे, माणसं कितीही पांगली तरी शेवटी एकमेकांसमोर येणारच. कांट स्वतः क्योनिग्सबर्ग सोडून फारसा कुठे गेला नाही, ते असो. आमची अडचण अशी की तो हक्क सांगतो, पण तिकिटाचं बोलत नाही. ज्याच्याकडे भाडं नाही त्याचा भेटीचा हक्क कागदावरच राहतो.

मग त्या वाडीसाठी काय करता येईल? आम्ही बरीच वर्षं याचा विचार करत होतो आणि उत्तर शोधायला युरोपकडेच बघत होतो. चूक तिथेच होती.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. इथे बसलेल्यांपैकी काहीजण दुसऱ्या दिवशी पावसात वर चढून गेले होते. त्याआधी ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यात माळीण. आणि माळीणनंतर तीनच दिवसांनी, २ ऑगस्ट २०१४ ला, नेपाळमध्ये सिंधुपाल्चोक जिल्ह्यात जुरे नावाच्या गावाजवळ डोंगर कोसळला आणि सुनकोशी नदी अडली. माळीणमध्ये दीडशेच्या आसपास माणसं गेली, जुरेमध्येही तेवढीच. आपल्या वर्तमानपत्रांचं सगळं लक्ष तेव्हा माळीणकडे होतं, आणि ते साहजिकच होतं. पण विचार करा, इर्शाळवाडीच्या पोराला या जगात सर्वांत जास्त कोण समजून घेईल? श्टुटगार्टचा विद्यार्थी की सिंधुपाल्चोकचा?

आणि नेपाळला जायला भारतीयाला व्हिसा लागत नाही. पासपोर्टही लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. पासपोर्टची फी दीड हजार रुपये, पण त्यासाठी लागणारे कागद गोळा करताना वाडीतल्या माणसाचे जे रोज बुडतात त्यांची किंमत वेगळी. ते सगळं इथे वाचतं. कल्याणहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौलीची सीमा, पुढे काठमांडूची बस. तीन दिवसांचा प्रवास, त्रासाचा, पण विमान नाही. दहा मुलं खालापूर-कर्जतची, दहा तिकडची. आपण जाताना आपलं भाडं आपण काढायचं, ते येताना त्यांचं त्यांनी. जेवणखाण यजमानाचं. म्हणजे पैसा सीमा ओलांडतच नाही, आणि एफसीआरएचा बहुतेक प्रश्नच मिटतो. राहायला पलंग नको, कारण दोन्हीकडची घरं सारखीच. भाताची लावणी दोन्हीकडे. आपल्याकडे सावड म्हणतात, एकमेकांच्या शेतावर कामाला जायचं आणि मजुरी न घेता काम फेडायचं. नेपाळी डोंगरात हीच रीत आहे, तिला ते ‘पर्म’ म्हणतात. भाषांतराची गरजच नाही.

काम काय करायचं? भिंती रंगवायच्या नाहीत. डोंगराला भेग कुठे पडते, झरा अचानक गढूळ कधी होतो, उतारावरची झाडं तिरकी कशी होतात, हे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. ते ऐकायचं, लिहून काढायचं, पावसाची मोजणी शिकायची, आणि रात्री गाव रिकामं करायचा सराव करायचा.

(प्रश्नोत्तरांतला काही भाग)

एका शिक्षिकेने विचारलं की हे सुचवायला ठीक आहे, पण पहिल्या खेपेचे पैसे कोण देणार? सोपा प्रश्न नाही. आम्ही हिशेब मांडला तेव्हा दहा मुलं आणि दोन मोठी माणसं यांचं गाडी-बसचं भाडं या तालुक्यातल्या एका मंडळाच्या गणपतीच्या मांडवखर्चात बसतं असं दिसलं. मांडव घालू नका असं आम्ही म्हणत नाही. दहा मंडळांनी दहावा हिस्सा दिला तरी पुरे. १९३८ चे २२ हजार असेच जमले होते.

मागून एका तरुणाने विचारलं, “सर, नेपाळला जाऊन आल्याने नोकरी मिळेल का?” नाही मिळणार. फार्महाउसची राखण करणारा पोरगा परत येऊन बहुधा राखणीलाच जाईल. पण ज्या डोंगराखाली तो झोपतो, त्या डोंगराबद्दल चार प्रश्न तहसीलदारासमोर उभं राहून विचारायला त्याला भीती वाटणार नाही, असं आम्हाला वाटतं. खात्री देत नाही.

आणि एक गृहस्थ म्हणाले, पाकिस्तानचं काय? तिथे पैसा हा अडथळाच नाही, व्हिसा हा आहे. तरी २०१० साली दोन्ही देशांतल्या दोन संस्थांनी शाळकरी मुलांची पत्रं एकमेकांना पोचवली होती. कराचीत आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाची शाळा आहे. तिथल्या मुलांना कर्जतच्या मुलांनी पत्र लिहायचं ठरवलं, तर आम्ही मजकूर तपासून देऊ. टपालाचा खर्चही आमचा.

त्या वाडीत आम्ही गेल्या महिन्यात जाऊन आलो. म्हातारी आता नाही. नातू भेटला. शंभरपर्यंतचे आकडे अजून म्हणून दाखवतो, साठनंतर थोडा अडखळतो. नेपाळचं त्याला सांगितलं तर म्हणाला, मी कुठला येतो, मालक सुट्टी देणार नाही. पण पोरीला न्या. ती बारावीला आहे.